‘दुसरी झडती’ की ‘फेरचौकशी’?

अनुवादक, सात रस्ता : सोलापुरातून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांसाठीच्या माहितीपत्रकात ‘सेकंडरी इन्स्पेक्शन’ला ‘दुसरी झडती’ लिहिलं, ते खोडलं गेलं. परदेशी विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट, बोटांचे ठसे, फोटो होतात. शंका आली की आतल्या खोलीत पाठवतात. याला शब्द हवाय. नाव-चेहरा बघून निवडतात, त्या ‘प्रोफायलिंग’लाही.

जुळे सोलापूर : खोडलं ते बरोबरच. झडती ‘झाडणे’वरून आली, ती अंगाची, घराची, सामानाची. आतल्या खोलीत आधी प्रश्न असतात : उतरणार कुठे, खर्च कोणाचा, परतीचं तिकीट कधीचं. बॅग, फोन उघडतीलही, पण ते पुढचं. ‘झडती’ वाचून माणूस घाबरतो आणि तारखा चुकीच्या सांगतो. ‘फेरचौकशी’ लिहा.

अशोक चौक : फेरचौकशी कचेरीतली. लोक म्हणतात, ‘त्याला बाजूला घेतलं’. तेच छापा.

विजापूर रोड : लग्नाच्या बोलणीत मुलाच्या काकालाही बाजूला घेतात!

अशोक चौक : संदर्भानं कळतंय की. कोशातला शब्द टाकला तर पत्रक कोणी वाचणार नाही.

जुळे सोलापूर : अवघड आहे ते प्रोफायलिंग. त्याला ‘वांशिक छाननी’ म्हणणं मला साफ नामंजूर. ‘छाननी’ अर्जांची होते, त्यात अन्याय दिसतच नाही. आणि मराठीत ‘वंश’ म्हटलं की आधी कूळ आठवतं. पासपोर्ट कुठल्या देशाचा यावरून व्हिसाचे नियम बदलतात, तो भाग वेगळा. एकाच देशाच्या प्रवाशांतून ठरावीक लोकांनाच वेगळं काढणं, ही खरी तक्रार. 2001 मध्ये ब्रिटिश अधिकारी प्राग विमानतळावरच ब्रिटनला निघालेल्यांना तपासू लागले. रोमा या युरोपातल्या अल्पसंख्य समाजाच्या प्रवाशांना इतरांपेक्षा जास्त वेळ, जास्त खोदून विचारत. डिसेंबर 2004 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, हा वांशिक भेदभाव ठरवला. फेब्रुवारी 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या हेगच्या अपील न्यायालयानंही सीमेवर कोणाला थांबवायचं हे ठरवताना वांशिक ओळख वापरायला मनाई केली. म्हणून ‘भेदभाव’ हा शब्द त्यात हवाच.

विजापूर रोड : प्रत्येक वेळी भेदभावच असं नाही. संशयितांच्या यादीतल्या कोणाशी नाव जुळलं तरी अडकतात. अमेरिकेत वारंवार असं झालं तर ‘डीएचएस ट्रिप’ या सरकारी तक्रार-व्यवस्थेकडे अर्ज करायचा, मिळालेला रिड्रेस (तक्रार-निवारण) क्रमांक तिकीट काढताना भरायचा. याला ‘नामसाधर्म्य’ म्हणा.

अशोक चौक : नामसाधर्म्य नको, ‘नाव जुळणं’ पुरे. पत्रकात नावाचा रकानाच आधी समजावा. पासपोर्टवर एकच नाव असलं की अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) येतं. दुबईला नोव्हेंबर 2022 पासून एकेरी नावावर पर्यटक व्हिसा चालत नाही. निदान पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव लागतं. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत इंटिपेरू, म्हणजे घराण्याचं नाव, आधी लिहितात. तेच तिकिटावर ‘नाव’ म्हणून पडलं, की पासपोर्टशी मेळ बसत नाही.

अनुवादक, सात रस्ता : इंटिपेरूला ‘आडनाव’च लिहू ना?

विजापूर रोड : शब्दशः ‘घरनाव’.

अशोक चौक : घरनाव कोण म्हणतं? इंटिपेरूच ठेवा.