शब्दचर्चा : गाबोळीत गर्भ असतो का?

खाडीकाठ
परवा हर्णै बंदरावर लिलाव संपता संपता डझनभर बांगडे घेतले. मासेवाली मावशी म्हणाली, "गाबोलीचं हाय सगलं." घरी आल्यावर पोट उघडलं तर दोन्ही बाजूंना पिवळसर, लांबट पिशव्या. वर पातळ पापुद्रा, त्यावर लाल शिरांचं जाळं, आणि बोटाने जरा दाबलं की रव्यासारखे कण. मुलगी दहावीला आहे, 'प्रजनन' नुकतंच शिकवून झालंय. तिने विचारलं, "आई, गाबोळी म्हणजे गर्भ ना? मग आपण गर्भ तळून खातो?"

तवा तापला होता, मी उत्तर टाळलं. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय. गर्भावरून गाभ, गर्भिणीवरून गाभण, केळीचा गाभा, आणि गर्भागाराचा गाभारा हे ठाऊक आहे. गाबोळी त्याच घरातली दिसते. पण मग 'गाभण मासा' म्हणणं बरोबर की चूक? आणि पुस्तकातल्या 'अंडाशया'शी तिचं नातं काय?

सागरगोटा
प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून पहिला घास माझा.

गाबोळी म्हणजे अंडाशयच. पिकलेल्या अंड्यांनी फुगलेलं, अख्खं. गर्भ त्यात नाही, कारण फलनच झालेलं नसतं. बांगडा, तारली, पापलेट यांच्या माद्या अंडी पाण्यात सोडतात, नर तिथेच आपले शुक्राणू सोडतो, आणि गाठ पडते ती उघड्या समुद्रात. तेव्हा मुलीला सांगा, तळली ती अंडी, कोंबडीच्या अंड्यासारखीच. फक्त एका वेळी हजारोंनी. नर बांगड्याच्या पोटात त्याच जागी पांढऱ्या, लोण्यासारख्या मऊ पट्ट्या सापडतात, ती त्याची वृषणं.

व्युत्पत्ती बरोबर आणि शरीरशास्त्र चूक, अशी ही गंमत आहे. बोलणाऱ्याने 'पोट भरलेलं' एवढंच पाहिलं आणि गायीचा शब्द माशाला लावला.

पण घाईने हसू नका. आपल्याच किनाऱ्यावर एक मासा खराखुरा गाभण असतो. मुशी, म्हणजे लहान शार्क. आमच्या वेळी बी.एस्सी.ला कापायला स्कोलिओडॉन असे, तीच ही बुटकी मुशी. तिच्या अंड्यात बलक जवळजवळ नसतोच. पिल्लं आईच्या गर्भाशयात वाढतात, प्रत्येकाला नाळ असते, नाळेच्या टोकाला वार असते, आणि ती जिवंतच जन्माला येतात. कापताना ट्रेमध्ये एकदा अशी नाळेसकटची पिल्लं निघाली, तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला होता. तिथे 'गाभण' शब्द शंभर टक्के खरा.

चिंबोरीवाला
चिंबोरीचं राहिलं. आम्ही गाबोळी म्हणत नाही, 'लाख' म्हणतो, रंगावरून. लाखेची चिंबोरी ओळखायची तर उलटी करा. पोटाखालची झाकणी अरुंद, टोकदार असली तर नर. रुंद, गोलसर असली तर मादी, लाख मिळाली तर तिच्यातच. अवसेला भरलेली आणि पुनवेला पोकळ असते असं आमची आजी शपथेवर सांगायची.

सागरगोटा
लाख म्हणजेही कवचाच्या आतलं अंडाशय. पण झाकणीखाली बाहेर चिकटलेला दाण्यांचा घोस दिसला तर तो वेगळा. ती फलन झालेली अंडी, मादी ती घेऊन हिंडते. अशी सापडली तर सोडून द्यावी.

लालमाती
गाबोळीवरून गोठ्यात येतो, कारण 'गाभ' शब्द खरा नांदतो तो तिथे. आमच्याकडे तीन म्हशी आहेत, लांज्याच्या बाजूला.

आधी एक गैरसमज. शहरातले नातलग 'भाकड' आणि 'वांझ' एकच समजतात. भाकड म्हणजे सध्या दूध देत नाही ती. आटलेली. पुढच्या वेताआधी दोनेक महिने जनावर मुद्दाम आटवतात, ती भाकडच, पण पोटात वासरू असतं. वांझ म्हणजे जिला गाभच राहत नाही ती. गेल्या वर्षी एका पाहुण्याने "भाकड आहे तर विकून टाक ना" असा सल्ला दिला, ती म्हैस तेव्हा आठ महिन्यांची गाभण होती. म्हैस दहा महिने दहा दिवस, गाय नऊ महिने नऊ दिवस, शेळी पाच महिने, हा हिशेब आमच्याकडे पोरंही सांगतात. अवेळी पडलं तर 'गाभडली'. बाईला हा शब्द लावत नाहीत.

आता माज. माणसाला माज येतो तो उर्मटपणा, जनावराला येतो तो ऋतू. दर एकवीस दिवसांनी, अठरा ते चोवीस धरा. गाय हंबरते, दुसरीवर चढते, काचेसारखा चिकट सोट टाकते. म्हैस मात्र लबाड. ओरड नाही, चढणं नाही, म्हणून तिच्या माजाला 'मुका माज' म्हणतात. उन्हाळ्यात तर कळतच नाही. मी पहाटे कंदील घेऊन (आता मोबाईलची बॅटरी) शेपटीखाली बघत फिरतो, हसू नका. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, असं डॉक्टर सांगतात, कारण अंडं माज ओसरल्यावर सुटतं. कागदावर ते 'कृत्रिम रेतन' लिहितात, आम्ही 'भरवली' म्हणतो.

शेवटचं म्हणजे 'पान्हा'. म्हैस पान्हा चोरते म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. मुंबईचा भाचा चकचकीत जॅकेट घालून गोठ्यात शिरला. मी कासेखाली बसलो होतो, सड भरलेले, धार लागलेली. म्हशीने मान वळवली, त्याला पाहिलं, आणि धार बंद. सड हातात रबरासारखे. पारडू लावलं, चाटू दिलं, आंबोण ठेवलं, तेव्हा पंधरा मिनिटांनी पुन्हा पान्हवली. हे शब्द पुस्तकात आहेत का?

माजघर
मी संस्कृत शिकवते, सावंतवाडीला. लालमातींच्या प्रश्नाने आजची झोप गेली.

'पान्हा' आला 'प्रस्नव' वरून, म्हणजे पाझरणं. आणि 'माजणे' आलं 'माद्यति' वरून, प्राकृतात 'मज्जइ'. मद चढणं तेच. म्हणून उर्मटपणा आणि ऋतू हे दोन शब्द नव्हेत, एकच आहे. गंमत पाहा, ज्या संप्रेरकाने माज येतो त्या इस्ट्रोजेनच्या नावात ग्रीक 'ऑइस्ट्रॉस' आहे, आणि त्याचा अर्थ गोमाशी. गोमाशी चावल्यावर शेपटी वर करून उधळणारी गाय ग्रीकांनीही पाहिलेली दिसते.

पण मला खरा आनंद झाला तो 'पीयूषिका'चा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, इंग्रजीत पिट्युटरी. मूळ लॅटिन 'पिट्युइटा' म्हणजे शेंबूड. मेंदूतली घाण तिथून नाकात गळते अशी जुनी समजूत होती. मराठी पुस्तकांत तिला 'पीयूषिका' म्हटलंय. पीयूष म्हणजे अमृत हे सगळे सांगतील, पण अमरकोशात पीयूष म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गायीचं नवं दूध. आपला चीक! ज्याचा खरवस होतो तो. आता हीच ग्रंथी दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन बनवते आणि पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन रक्तात सोडते. शब्द घडवणाऱ्याला हे नेमकं अभिप्रेत होतं की नुसतं अमृत, तो भाग निराळा. शेंबडापेक्षा चीक शतपटीने खरा निघाला.

सागरगोटा
लालमाती, तुमच्या जॅकेटवाल्या भाच्याचं शास्त्र असं. पारडू ढुशी देतं, सड चोखतं, त्याची वर्दी मेंदूला जाते आणि ऑक्सिटोसिन सुटतं. ते कासेतल्या दूधपेशींभोवतालच्या स्नायूंना आवळतं, दूध खाली उतरतं. जोर पाचसात मिनिटांचाच, म्हणून धार झरझर काढावी लागते. म्हैस बिचकली की ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ऑक्सिटोसिनचं काम अडतं. 'चोरणे' हा आरोप आहे, तिच्या हातात काही नसतं. याच संप्रेरकाने बाळंतपणात गर्भाशय आकुंचन पावतं.

ओपीडी_खिडकी
मी परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रात. माणसांचे शब्द कुणी काढलेच नाहीत, लाजता काय?

आमच्याकडे 'गर्भाशय' कुणी म्हणत नाही. 'पिशवी'. पिशवीला सूज, पिशवीचं तोंड उघडलं, पिशवी काढली. मला हा शब्द आवडत नाही. पिशवी म्हटली की रिकामी झाल्यावर टाकून द्यायची वस्तू वाटते, आणि चाळिशीच्या आत पिशवी काढून आलेल्या बायका मी पाहते, तेव्हा शब्दाचाच राग येतो. प्रत्यक्षात तो जाड स्नायूचा अवयव आहे. एरवी पेरूएवढा, नवव्या महिन्यात बरगड्यांपर्यंत.

'अंगावरून जातं' हा दुसरा. पेशंट एवढंच सांगते आणि गप्प बसते. पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

'वार' आणि 'नाळ' लोक सर्रास एक करतात. नाळ म्हणजे दोरी, बाळाच्या बेंबीला जोडलेली. वार म्हणजे दुसऱ्या टोकाची चकती, पिशवीला चिकटलेली. पुस्तकात तिला 'अपरा' म्हणतात. मूल झाल्यावर आम्ही वाट पाहतो ती वार पडण्याची, अर्ध्या तासात पडली नाही तर धावपळ. गरोदरपणाची पट्टी जे संप्रेरक ओळखते तेही या वारेच्याच पेशी बनवतात.

आणि हे सांगायलाच हवं. एक मुलगी मूल राहत नाही म्हणून सोनोग्राफीला गेली होती. तिथे सांगितलं, "अंडं अजून फुटलं नाही, परवा या." ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सिस्टर, मी काय कोंबडी आहे?" तेव्हापासून मी 'स्त्रीबीज सुटलं' म्हणते. फुटते ती बीजाभोवतीची पुटिका, बीज नाही. बीज सुटल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं.

बाई बाळंत होते, गाय विते. उलट केलं तर भांडण.

लालमाती
'मानसिक खच्चीकरण' लिहिणाऱ्यांनी एकदा बैल खच्ची करताना पाहावं. चिमट्याने वृषणाची शीर चेंगरतात, टेस्टोस्टेरॉन आटतं, खोंड शांत होतो. शब्दाच्या पोटात ते आहे. पेपरवाल्यांना बहुधा ठाऊक नसावं.

चिंबोरीवाला
'उबवणे' कुणी घेतलं नाही. कोंबडी खुडूक झाली की रवणीला बसते, ती उबवते. वेळासच्या वाळूत कासवाची मादी शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. मग उबवतं कोण? वाळू. आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. आमच्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, मग वाळूच खरी आई.

सागरगोटा
खुडूक होण्यामागेही प्रोलॅक्टिनच. ज्याने म्हशीला दूध येतं त्यानेच कोंबडी अंडी घालायचं थांबवून बसून राहते.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. मुलीने सराव परीक्षेत आकृतीला नाव दिलं, 'अंडाशय (गाबोळी)'. बाईंनी कंस लाल पेनने खोडला आणि अर्धा गुण कापला.

लालमाती
बाईंना दोन बांगडे पाठवा. गाबोळीचे.