सापडलेली लॅब (लॅब्रेडोर कुत्री): मालक मिळेपर्यंत घरी ठेवलीय, पण खातच नाहीये

डीपीरोडवाली:
लक्ष्मीपूजनाच्या रात्री पुण्यात म्हात्रे पुलापाशी एक लॅब सापडली, मादी आहे, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत म्हणजे वय असणार, गळ्यात पट्टा नाही पण पट्ट्याचा वळ आहे. फटाक्यांनी थरथरत एका पार्क केलेल्या गाडीखाली बसली होती, नवऱ्याने कसंबसं बाहेर काढलं आणि रिक्षात घालून घरी आणली (रिक्षावाल्याने शंभर जास्त घेतले, असो). आज तिसरा दिवस. सोसायटीच्या आणि एरियातल्या ग्रुपवर फोटो टाकलेत, चारही बाजूंनी. प्रॉब्लेम असा की ती खात नाही. दहीभात ठेवला की भांड्यासमोर शहाण्यासारखी बसते, लाळ गळते, आमच्याकडे बघत राहते पण तोंड घालत नाही. शेवटी हाताने भरवते मी. आजारी असेल का? आणि मालक नाहीच मिळाला तर पुढे काय, घरात सासूबाई आहेत, त्यांना कुत्र्याचं फार काही नाही.

दुपारची_झोप:
मालक कसला शोधताय, म्हातारी झाली म्हणून सोडली असणार. दिवाळीत दर वर्षीचं आहे हे.

तात्या_कर्वेनगर:
@दुपारची_झोप, लगेच असं नको हो. आमचा पण गेल्या दिवाळीत सुतळी बॉम्बला घाबरून गच्चीच्या जिन्यातून पळाला होता, दोन दिवस आम्ही वेड्यासारखे फिरत होतो.
ताई, आधी कुठल्याही व्हेटकडे नेऊन चिप स्कॅन करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, मानेजवळ कातडीखाली असते आणि १५ आकडी नंबर येतो, त्यावरून मालक शोधता येतो. आपल्याकडे फार लोक बसवत नाहीत पण बघायला काय जातंय. तिथेच गोचीड पण बघायला सांगा. जवळच्या चौकीत सांगून ठेवा म्हणजे उद्या कोणी 'आमचा कुत्रा उचलला' म्हणायला नको. आणि फराळ लांब ठेवा हां, लाडवातले बेदाणे, चिवड्यातले मनुके अजिबात नकोत, किडनीवर जातं त्यांच्या. कोणाला चावली किंवा नख लागून रक्त आलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टर, तिचं लसीचं पुस्तक तुमच्याकडे नाहीये ना.

मांजरप्रेमी_तरीही:
चारही बाजूंचे फोटो आधी काढून टाका!! एक फक्त चेहऱ्याचा ठेवा. ब्रीडचं कुत्रं म्हटलं की फुकटे 'मालक' खूप येतात, फोटो बघून सगळ्या खुणा सांगतात. एक तरी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत पाहिजे. जो येईल त्याच्याकडे जुने फोटो आणि लसीचं पुस्तक मागा, खरा मालक चिडणार नाही.
खाण्याचं म्हणाल तर ती आजारी वाटत नाही, लाळ गळतेय म्हणजे भूक आहे. तिला कोणीतरी सांगितल्याशिवाय खायचं नाही अशी सवय लावलेली असणार. शब्द शोधा. खा, घे, ओके, चल, हिंदीत, इंग्रजीत, सगळं म्हणून बघा. शब्द सापडला तर घरातली भाषा पण कळेल.

डीपीरोडवाली:
चिप नाहीये. गोचीड निघाले दोन-तीन, औषध दिलंय. फोटो काढले.
आणि शब्द सापडला!!! आम्ही तासभर 'ईट', 'खा ले', 'जेव बाळा' करत बसलो होतो, मुलाने तर कन्नड पण ट्राय केलं यूट्यूबवर बघून. सापडला तो सासूबाईंना आणि तो पण चुकून. इथे सांगत नाही, तीच आमची खूण.

तात्या_कर्वेनगर:
वा वा. आता पोस्टर पुलाच्या पलीकडे पण लावा, नवी पेठ, दत्तवाडी. घाबरलेलं कुत्रं पूल ओलांडून कुठच्या कुठे जातं आणि आपण आपल्याच गल्लीत शोधत बसतो. मेडिकल, दूधवाला, पेपरवाला, चहाची टपरी. म्हाताऱ्या माणसांकडे ग्रुप-बिप नसतात.

डीपीरोडवाली:
अपडेट. दोन फोन आले. पहिला माणूस 'आमचीच आहे, लगेच येतो' म्हणाला, खायला देताना काय म्हणता विचारलं तर 'ओके म्हणतो'. ठेवला फोन. दुसरे नवी पेठेतले आजोबा, मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले तेव्हा पोस्टर दिसलं त्यांना. तोच प्रश्न विचारला, तर आधी दोन मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'अहो, आमच्याकडे पंगतीसारखं पार्वतीपते हरहर महादेव म्हटल्याशिवाय ती घास उचलत नाही. आमच्या हिने लावलंय.'
सासूबाईंनी त्या दिवशी स्वतःचं ताट वाढून घेतल्यावर सवयीने तेच म्हटलं होतं, आणि ही भांड्यावर तुटून पडली होती.
संध्याकाळी पुस्तक घेऊन आले, नाव राणी, वय ९. पट्टा त्या रात्री हिसका देऊन तुटला म्हणे. सासूबाईंनी डब्यात दहीभात भरून दिला आणि आजोबांना दोनदा विचारलं, नवी पेठेत नक्की कुठे राहता.

दुपारची_झोप:
बरं. माझं चुकलं. फोटो टाका राणीचा.