टॉर्पेडो प्यादी: डावात जान येते की एंडगेमचा (डावाच्या शेवटच्या टप्प्याचा) जीव जातो?

धागाकर्ता: टॉर्पेडो म्हणजे बुद्धिबळात नियम एकच बदलायचा, प्यादं फक्त पहिल्या चालीला नाही तर कुठूनही दोन घरं जाऊ शकतं. २०२० मध्ये माजी जगज्जेता क्रॅमनिक आणि डीपमाइंड या एआय कंपनीवाल्यांनी त्यांच्या अल्फाझीरो या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला नऊ बदललेले प्रकार खेळायला लावले त्यातला हा, आणि मला तरी सगळ्यात भारी वाटतो. पास्ड पॉनचा (ज्याला पुढे अडवायला समोरच्याचं प्यादं नाही अशा मोकळ्या प्याद्याचा) भाव एकदम चढतो, मोकळं प्यादं मिळत असेल तर हत्ती देऊन उंट घ्यायलाही मागेपुढे बघायचं नाही.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. पांढरं प्यादं ए४ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या), काळा राजा डी५, चाल पांढऱ्याची. नेहमीच्या खेळात राजा सी६, बी६ करत आरामात प्यादं पकडतो. टॉर्पेडोत ए६, ए८, दोन चालीत वजीर, आणि राजा सी६ ला आला असेल तर वर शह! चौकोनाचा नियम (प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंतच्या चौकोनात राजा शिरला की प्यादं पकडतो) आपण सगळे मरमर करून शिकलो, तो गेला. मग राजाने एंडगेममध्ये करायचं काय?

धागाकर्ता: अहो पण एन पासां (दोन घरं उडी मारलेलं प्यादं, एकच घर गेलं असं धरून लगेच मारणं) पण कुठेही लागू होतं ना! काळ्याचं प्यादं बी६ वर असेल तर ए४ वरून ए६ ला उडी मारणारं प्यादं ते ए५ वर मारतं. म्हणजे शेजारच्या फाइलवरचं (उभ्या रांगेतलं) प्यादं उगाच पुढे ढकलायचं नाही, आणि मोकळ्या प्याद्यासमोर घोडा बसवला की एक घर पण नाही आणि दोन पण नाही.

प्रतिसाद २: मूळ नियम मूळ नियम म्हणून रडू नका, शतरंजमध्ये (बुद्धिबळाच्या जुन्या रूपात) वजीर तिरका एकच घर जायचा आणि प्याद्याला दोन घरांची चाल नव्हतीच, ती पण कोणीतरी नंतरच घातली. पण मला प्याद्यांना हात लावण्यापेक्षा कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) काढलेलं आवडतं. २०२१ ला डॉर्टमुंडमध्ये विश्वनाथन आनंद आणि क्रॅमनिक तसेच चार डाव खेळले, आनंद अडीच-दीडने जिंकला. राजा मधे अडकतो, पाठ केलेली ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) कामाला येत नाही, आणि एंडगेम जसाच्या तसा राहतो.

प्रतिसाद १: हे चालेल. राजाला त्रास द्या हवा तेवढा, पण प्यादं हळूच चालायला हवं, एका टेम्पोने (एका चालीच्या उशिराने) हुकलेला डाव रात्रभर डोक्यात फिरतो तो त्याच्यामुळेच.

धागाकर्ता: टेम्पो टॉर्पेडोत जास्त मोजावा लागतो हो, दर चालीला एक की दोन हा प्रश्न असतोच. दहा डाव खेळा आणि मग बोला.