‘गो ऑफ’ म्हणजे चालू की बंद?

कराडची_लेक: मी लीड्सला वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. परवा सकाळी कामावर आले तर वहीत लिहिलेलं, ‘रूम सिक्स, मॅट अलार्म वेंट ऑफ, ३.१०.’ पलंगाशेजारी ती चटई असते, आजींनी पाय खाली टेकला की वाजते. लाइट ऑफ, फॅन ऑफ, तसाच अलार्म बंद पडला असं समजून मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. प्रत्यक्षात ती वाजली होती, म्हणजे आजी रात्री एकट्या उठल्या होत्या. मी त्यांना साधं विचारलंही नाही. त्या बऱ्या आहेत, पण माझ्या मनाला फार लागलं. त्याच आजी नासलेल्या दुधालाही ‘गॉन ऑफ’ म्हणतात. काल म्हणाल्या, ‘आय हॅव गॉन ऑफ टी.’ हे लक्षात ठेवायचं कसं?

जुना_मास्तर: ‘ऑफ म्हणजे बंद’ हे आधी डोक्यातून काढा. मूळ अर्थ ‘पासून दूर’. एका एफचा ऑफ आणि दोन एफचा ऑफ हे जुन्या इंग्रजीत एकच होते.

साताऱ्याकडे शिकवताना मी मुलांना सांगायचो, आधी ‘सुटणे’ लावून बघा. गोळी सुटली, ‘द गन वेंट ऑफ’. चावीच्या गजरात गुंडाळलेली स्प्रिंग अडकवून ठेवलेली असते. वेळ झाली की अडसर सरकतो, स्प्रिंग सुटते आणि हातोडी घंटेवर आपटू लागते. अडवून धरलेलं सुटलं, म्हणून ‘वेंट ऑफ’. आजींचा चहा सुटला, तेही बसतं. आणि आपलं सुटणं तरी कुठे एका दिशेचं आहे? वारा सुटला म्हणजे सुरू झाला, शाळा सुटली म्हणजे संपली.

दूध मात्र सुटत नाही, नासतं. ते वेगळं पाठ करा.

एडिसनकर: इकडे अमेरिकेत दूध ‘गॉन बॅड’ होतं. पण ताई, ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेलेच, तिथे गफलत नको. वहीत सरळ ‘साउंडेड’ लिहा, बंद केला तर ‘स्विच्ड ऑफ’. दुसरा अर्थच निघत नाही.

कराडची_लेक: मास्तर, ‘चहा सुटला’ एकदम पटलं. माझ्या आईचाही असाच सुटला होता. काल रात्रपाळी होती, वहीत लिहिलं, ‘अलार्म साउंडेड ४.२०, वेंट इन ॲट वन्स.’ आजींना बाथरूमला जायचं होतं. हात धरून नेलं.