जँगोचे ॲप्लिकेशन शेवटच्या तारखेला अडते: कोणत्या थरावर काय बसवावे?

प्रश्न:
एका शिक्षणसंस्थेचे प्रवेशअर्ज स्वीकारणारे, जँगो या पायथन फ्रेमवर्कवर बांधलेले ॲप्लिकेशन मी सांभाळतो. ४ कोर आणि ८ जीबी रॅमच्या एकाच सर्व्हरवर पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, मध्ये जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्नचे ९ सिंक वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस अशी मांडणी आहे. शेवटच्या दिवशी पीडीएफ पावतीसाठी झुंबड उडाली की साधे मुखपृष्ठही उघडेनासे होते. वर्कर ४० केले, तेव्हा रॅमच संपली. आता मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसकडे वळावे, रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारी साठवण) बसवावे की दुसरा सर्व्हर घ्यावा?

उत्तर १:
डेटाबेसला हात लावू नका. अर्ज आणि शुल्क यांच्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही, अशा) बसायला हव्यात आणि ते काम पोस्टग्रेस चोख करते. अडचण मधल्या थरात आहे: सिंक वर्कर एका वेळी एकच विनंती हाताळतो, त्यामुळे ९ जणांनी एकदम पावती मागितली की दहाव्याला, त्याला केवळ मुखपृष्ठ हवे असले तरी, ताटकळावे लागते. शिवाय पीडीएफ बनवणे हे प्रोसेसरचे काम असल्याने रॅम पुरली असती तरी ४ कोरवर ४० वर्करांनी फारसे काही साधले नसते. हे काम सेलरीकडे (रांगेतली कामे पार्श्वभूमीत करणाऱ्या साधनाकडे) सोपवा, त्याचे दोनच वर्कर ठेवा आणि अर्जदाराला ‘पावती तयार होत आहे’ एवढे सांगून गनिकॉर्नला मोकळे करा. रेडिस लागेल ते या रांगेपुरते.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त तेच रेडिस पुढे कॅशसाठीही (तयार उत्तरे तात्पुरती साठवण्यासाठीही) वापरण्याचा मोह टाळावा. आमच्याकडे मेमरी भरल्यावर कोणतीही जुनी की (नोंद) काढून टाकण्याचे धोरण लावलेले होते आणि एका दुपारी कॅशसोबत सेलरीची रांगही नाहीशी झाली. रेडिसमध्ये डेटाबेस क्रमांक वेगळा दिला तरी हे धोरण संपूर्ण इन्स्टन्सला (चालू असलेल्या रेडिस प्रोसेसला) एकच असते, म्हणून रांगेसाठी स्वतंत्र इन्स्टन्स चालवावा. मुखपृष्ठ सर्वांना सारखेच दिसत असेल, तर ते एन्जिनएक्सच्याच कॅशमध्ये मिनिटभर ठेवावे. म्हणजे ती विनंती जँगोपर्यंत क्वचितच पोहोचेल.

उत्तर ३:
सेलरी म्हणजे देखरेखीसाठी आणखी एक प्रोसेस, हे विसरू नये. पावती एकदा बनली की बदलत नसेल, तर ती फाइल म्हणून साठवून पुढच्या वेळी तीच द्यावी.

प्रश्नकर्ता:
लॉग तपासला. एकेका अर्जदाराने तीच पावती पाच-सहा वेळा काढलेली आहे, आणि आम्ही ती प्रत्येक वेळी नव्याने बनवत होतो. आधी फाइल साठवतो, मग सेलरीचे पाहतो.