कोकम वाळवणी यंत्राची बातमी वृत्तपत्रांत यावी, यासाठी नवख्या कंपनीने काय करावे?

प्रश्न – कुडाळचा यंत्रकार

नमस्कार. आम्ही तिघा मित्रांनी दीड वर्षापूर्वी कुडाळ तालुक्यात एक लहान कंपनी स्थापन केली. लाकडाच्या जळणावर आणि विजेच्या छोट्या पंख्यावर चालणारे, पावसाळी हवेतही कोकमाची साल वाळवणारे यंत्र आम्ही तयार करतो. आतापर्यंत १४ यंत्रे विकली गेली असून बहुतेक ग्राहक महिला बचत गट आहेत. गेल्या दोन महिन्यांत आम्ही ३७ वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना ‘कोकणातील तरुणांचे अभिनव संशोधन’ या मथळ्याचे प्रसिद्धिपत्रक ई-मेलने पाठवले. त्यांपैकी दोघांनीच उत्तर दिले आणि त्यातील एकाने आधी जाहिरात देण्याची अट घातली. मुंबईतील एका प्रसिद्धी संस्थेने दरमहा ६० हजार रुपये मागितले आहेत, परंतु एवढी रक्कम आमच्या दोन यंत्रांच्या विक्रीतूनही सुटत नाही. हंगामाला चार महिने उरले आहेत. आमच्या कामात बातमी होण्याजोगे काही नाही, की ते मांडण्यात आमची चूक होत आहे, हे जाणकारांनी कृपया स्पष्टपणे सांगावे.

उत्तर – निवृत्त उपसंपादक, रत्नागिरी

मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बावीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे आपले पत्रक तेथे पोहोचल्यावर त्याचे काय झाले असेल, याची मला कल्पना आहे. ‘अभिनव संशोधन’ हे शब्द असलेली पत्रके दररोज येतात आणि ती वाचून उपसंपादकाला कोणाचे काय बदलले हे समजत नाही. आपली कंपनी स्थापन झाली, ही घटना आपल्यासाठी मोठी असली तरी वाचकासाठी ती अद्याप घटना नाही. वाचकाची घटना वेगळी आहे. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. एरवी या तारखा १ जून आणि ११ जून अशा असतात. कोकमे नेमकी उतरवण्याच्या काळात पाऊस आला, तर रसाचे पुट दिलेली, म्हणजे रसात पुन्हा पुन्हा भिजवलेली, साल अंगणात पसरायची कोठे, हा प्रश्न वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत प्रत्येक घराचा आहे. त्या दिवसांत ज्या घरातील सोलांना (कोकमाच्या वाळवलेल्या सालींना) बुरशी लागली नाही, ते घर ही आपली बातमी आहे आणि आपले यंत्र त्या बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात यावे.

दुसरी बाब वेळेची. वृत्तपत्राच्या कार्यालयात हंगामाचे एक न लिहिलेले पंचांग असते. वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी पोहोचली, की ती बातमी होणारच. १ जूनपासूनची मासेमारी बंदी, गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण हेही ठरलेले असते. कोकमाविषयी लिहिण्याची इच्छा संपादकांना एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात होते, कारण तेव्हा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सोले घराघरांत होऊ लागतात. आपण डिसेंबरमध्ये पाठवलेले पत्रक उत्तम असते तरी ते बाजूला पडले असते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा मानांकन मिळालेल्या फळाची साल पावसात का कुजते, या अंगाने लेख मागणारा संपादकही आपल्याला भेटू शकेल.

तिसरी बाब माणसांची. मुंबईच्या कार्यालयांना ३७ ई-मेल पाठवण्यापेक्षा आपल्या तालुक्याच्या वार्ताहराला भेटावे. त्याचे मानधन बहुधा अल्प असते आणि अनेक ठिकाणी जाहिराती मिळवण्याचे कामही त्याच्याकडेच असते. म्हणून जाहिरातीचा विषय निघाला तर त्याचा राग मानू नये. मात्र पैसे देऊन छापला जाणारा मजकूर बातमीच्या वेशात छापून घेऊ नये. जाहिरात द्यायचीच असेल, तर ती जाहिरात म्हणूनच छापावी, असे लेखी कळवावे. बातमी आणि जाहिरात यांतील फरक वाचकाला स्पष्ट दिसला पाहिजे, हा प्रेस कौन्सिलचा दंडक आहे, आणि सोले विकत घेणाऱ्या वाचकाचा विश्वास एकदा गेला तर तो आपल्या कंपनीवरूनही जातो. ६ जानेवारीला, म्हणजे पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले त्या दिवशी, पत्रकार दिनाचे कार्यक्रम सर्वत्र होतात. तेथे जावे, ओळख करून घ्यावी, परंतु त्या दिवशी पत्रक हातात देऊ नये.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी प्रत्यक्षात निर्णायक ठरतात. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून ई-मेलच्या मुख्य भागातच द्यावा. पीडीएफमधून मजकूर काढताना काने-मात्रे तुटतात आणि रात्री नऊ वाजता ते दुरुस्त करण्यास कोणालाही वेळ नसतो. छायाचित्र व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठवल्यास त्याचा दर्जा घसरतो, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. त्यात यंत्रासमोर उभे असलेले तिघे मित्र नसावेत, तर साल पसरणारे हात असावेत.

उत्तर – दापोलीचा फणसवाला

वरील उत्तराशी सहमत आहे आणि त्यात माझ्या अनुभवाची भर घालतो. आमच्या तळलेल्या गऱ्यांच्या उद्योगावर एका मोठ्या दैनिकाने अर्धे पान लिहिले, परंतु ते सप्टेंबरमध्ये. आठवड्याभरात दोनशेहून अधिक दूरध्वनी आले आणि आमच्याकडे विकण्यासाठी एकही पाकीट नव्हते. पुढच्या वर्षी माल तयार असताना त्यांतील जेमतेम दहा जणांनी खरेदी केली. म्हणून बातमी येण्यापूर्वी किती यंत्रे तयार ठेवता येतील आणि दूरध्वनी कोण घेणार, हे निश्चित करावे.

आपला वाचक कोण, याचाही विचार करावा. गुंतवणूकदार हवा असेल तर इंग्रजीतील व्यापारविषयक माध्यमे उपयोगी पडतील, परंतु ती प्रामुख्याने कंपनीत किती भांडवल आले हे पाहतात. यंत्र विकायचे असेल तर जिल्हा आवृत्ती, ‘ॲग्रोवन’ हे शेतीविषयक दैनिक आणि आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र यांना प्राधान्य द्यावे. याशिवाय, गावातील यंत्रासाठी पैसे अनेकदा मुंबईतील मुलगा पाठवतो. मे महिन्यात चाकरमानी गावी येतो, आईची धडपड पाहतो आणि तेव्हाच निर्णय घेतो. त्यामुळे मुंबई आवृत्तीत एप्रिलअखेरीस आलेल्या चार ओळीही आपल्याला उपयोगी ठरतील.

उत्तर – वेंगुर्ले तालुक्यातील एक बचत गट

भाऊ, आमच्या गटाने तुमचे यंत्र घेतले आहे. तुमचे पत्रक मी वाचले, त्यात आमच्यापैकी कोणाचाही उल्लेख नाही, आणि आम्हाला तुम्ही काही विचारलेही नाही. २०२५ च्या मे महिन्यात आमच्याकडे यंत्र नव्हते. तेव्हा आम्ही भिजलेली साल चुलीवरच्या माळ्यावर पसरली, तिला धुराचा वास लागला आणि व्यापाऱ्याने ती परत केली. यंत्र आल्यावर हा त्रास थांबला, हे मी कोणत्याही बातमीदाराला सांगेन. परंतु त्याने विचारले तर हेही सांगेन, की उन्हात वाळलेल्या सोलांपेक्षा यंत्रातील सोलांचा रंग थोडा काळपट येतो आणि जळण तुम्ही सांगितल्यापेक्षा अधिक लागते. ही उणीव तुम्ही स्वतःच आधी सांगावी, असे मला वाटते. बातमी वाचून यंत्र घेणाऱ्या बायकांनी नंतर आम्हाला दोष देऊ नये.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर – कुडाळचा यंत्रकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, आपले म्हणणे मान्य आहे आणि आपल्याला न विचारता पत्रक लिहिले, याबद्दल मी दिलगीर आहे. जुने पत्रक आम्ही रद्द करत आहोत. रंगाचा प्रश्न बहुधा शेवटच्या पुटानंतर उष्णता अधिक राहिल्याने उद्भवतो. त्यासाठी जानेवारीत भिरंडे (कोकमाची ताजी फळे) मिळणार नाहीत, म्हणून साठवणीतील खारवलेल्या सालीवर चाचण्या घेऊन आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचा सल्ला घेऊन दुरुस्ती करण्याचा आमचा प्रयत्न राहील. तोपर्यंत कोणालाही काही पाठवणार नाही. मार्चअखेरीस १० यंत्रे तयार ठेवू, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वार्ताहरांना आमच्या कार्यशाळेत बोलावण्याऐवजी आपल्या अंगणात आणू, अर्थात आपल्या गटाची हरकत नसेल तर. जळणाचा खरा हिशेब आपल्याकडे लिहिलेला असल्यास तो कृपया कळवावा. नव्या पत्रकात आम्ही आपलेच आकडे देऊ.

उत्तर – वेंगुर्ले तालुक्यातील एक बचत गट

हरकत नाही. हिशेबाची वही अध्यक्षांकडे आहे, रविवारच्या बैठकीत मागून घेते. वार्ताहरांना सकाळी नऊपूर्वी आणावे, कारण त्यानंतर आम्ही सर्व जणी काजूच्या कामाला जातो.