फिजिओ की ओटी? तुमची शाखा कशी ठरली, लिहा (अनुभव धागा)

सुईदोरा

काल रात्री जेवणं आटोपून ओटा पुसत होते तर भाचीचा फोन. "मावशी, प्रवेशाच्या फॉर्ममधला प्राधान्यक्रम उद्या लॉक करायचाय. बीपीटीएच वर ठेवू की बीओटीएच?" म्हणजे फिजिओथेरपीची पदवी की ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी, आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारी शाखा). तिचे बाबा मागून ओरडत होते, "फिजिओ निदान लोकांना माहीत तरी आहे!"

आमच्या वेळी नीट नव्हती, सीईटी होती, पण घोळ हाच. दोन्ही अभ्यासक्रम तेव्हा साडेचार वर्षांचे इंटर्नशिप धरून, दोन्ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे, पहिल्या वर्षी दोघांनाही तीच अ‍ॅनाटॉमी आणि डब्यालाही येणारा तोच फॉर्मलीनचा वास. मग निवडायचं कशावर?

फॉर्म भरण्याआधी एका ओळखीच्या ताईंबरोबर मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात दोन्ही विभाग बघून आले. फिजिओत रांगेने टेबलं, ट्रॅक्शन लावलेले काका, कुणाच्या खांद्यावर अल्ट्रासाउंड. सगळं शिस्तीत. पलीकडे ओटीत अर्धांगवायू झालेल्या एक बाई भाकरी थापत होत्या. काथवटीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. चांगल्या हाताने थापायचं आणि दुबळा हात नुसता काथवटीच्या काठावर टेकवून ठेवायचा. थेरपिस्टचं भाकरीकडे लक्षच नव्हतं, ती बाईंचा कोपर आणि खांदा बघत होती. भाकरी फाटली तेव्हा बाई म्हणाल्या, "पीठच जुनं आहे तुमचं." तिथेच माझं ठरलं.

ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ना, हे अजूनही दर लग्नात ऐकते.

तुमचं कसं ठरलं? फिजिओ-ओटीच हवं असं नाही. दोन शाखांच्या मधे अडकलेल्या सगळ्यांनी लिहा.

चिंचगुळ

मला दोन्ही हातांनी जमत नाही भाकरी. कुठल्या विभागात येऊ?

मैदानी

मी फिजिओ. कारण एकच, २००३ चा विश्वचषक. सेंच्युरियनला सचिनच्या पायात गोळे आले आणि आपल्या संघाचे फिजिओ अँड्र्यू लाइपस बॅग घेऊन मैदानात. म्हटलं आपल्यालाही असंच पळत जायचंय.

प्रत्यक्षात आयुष्य आखडलेल्या खांद्यांत आणि साठीच्या गुडघ्यांत चाललंय. पेशंट आल्या आल्या विचारतो, "मशीन लावणार ना?" व्यायाम दिला की चेहरा पडतो. सासरे ओळख करून देतात, "जावई डॉक्टर आहेत, शेकाचे." पण गल्लीतल्या कबड्डीच्या पोरांचे घोटे बघतो ना, तेव्हा बॅग घेऊन पळतो खरंच. पैसे कुणी देत नाही ते सोडा.

रात्रपाळी_नको

माझं नर्सिंग की फार्मसी. रात्रपाळी नको म्हणून फार्मसी. आता आमचं मेडिकल सिव्हिलच्या समोर आहे आणि रात्री दोनला शटर वाजतं. आयडी बदलावा म्हणते.

परळकरीण

सुईदोरा, छान धागा. थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. या दोन्ही शाखांचं आपल्याकडचं बस्तान आमच्या परळचं हो! ओटीची पहिली शाळा केईएममध्ये १९५० साली, कमला निंबकर यांनी काढली. बाई मूळच्या अमेरिकन, लग्न करून इकडे आलेल्या. फिजिओची शाळा तिथेच १९५३ ला. आदल्या वर्षी मुंबईत पोलिओची मोठी साथ आली होती, त्यातून निघाली. म्हणजे ओटी थोरली बहीण, हे भाचीच्या बाबांना कळवा.

बाणगंगाकाठ

कमला निंबकर म्हणजे आमच्या फलटणच्या बालभवनच्या?? शाळेवरचं नाव रोज वाचत मोठा झालो, त्या बाईंनी हे केलं ते आज कळतंय.

परळकरीण

त्याच. शाळेला त्यांचं नाव आहे, काढली मॅक्सीन बर्नसन यांनी.

बाणगंगाकाठ

मॅक्सीनमावशी माहीत आहेत हो, फलटणला कुणाला माहीत नाहीत. आमच्या ताईचा धाकटा तिथेच होता. बाकी धाग्याबद्दल माझ्याकडे काही नाही, मी सिव्हिल इंजिनीअर.

लेस्टरची_सून

मी ओटी, गेली काही वर्षं इंग्लंडात. इथे दोन्ही शाखांची नोंदणी एकाच नियामक संस्थेकडे, एचसीपीसीकडेच, पण वॉर्डात काम स्पष्ट वेगळं. जिना चढता येतो का ते फिजिओ बघते. घरी एकटीने राहता येईल का ते मी बघते, म्हणजे संडासाची उंची, पलंगाची उंची, कठडा कुठल्या बाजूला हवा, सगळं.

घरी सोडण्याआधी रुग्णाला चहा करून दाखवायला सांगतात. किटलीत पाणी, कपात पिशवी, झालं. एक गुजराती बा आल्या होत्या, किटलीकडे बघूनच हसल्या. त्यांना पातेलं, आलं, किसणी, गाळणी. एका हाताने आलं किसायचं कसं आणि उकळतं पातेलं उचलायचं कसं, हे आमच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं. शेवटी पातेलं उचलायचंच नाही, डावाने चहा काढायचा असं ठरवलं. अर्धा तास गेला, सगळ्या वॉर्डात आल्याचा वास. नर्स दोनदा डोकावून गेली.

बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते.

चिंचगुळ

बाकीचं लिहाच. आणि चहात गवती चहा होता का?

हौद

कॉलेजचं नाव घेत नाही. फिजिओ आणि बीएएमएसमधून फिजिओ घेतलं, खाजगीत. माहितीपत्रकात हायड्रोथेरपीचा निळाशार तलाव. प्रत्यक्षात कोरडा हौद, त्यात तुटक्या खुर्च्या. इंटर्नशिपपर्यंत हौद तसाच, खुर्च्या तेवढ्या वाढल्या.

भाचीला एवढंच सांगा, शाखा कुठलीही घे पण आधी सकाळी दहाला ओपीडीच्या बाहेर तासभर बस. पेशंट दिसले नाहीत तर तिथे हात चालवायला शिकणार कुणावर? एकमेकांच्या गुडघ्यांवर शिकलो आम्ही. माझा उजवा अजून दुखतो.

सुईदोरा

हौद, हे फार महत्त्वाचं. बीओटीएच तसंही मोजक्याच ठिकाणी आहे: केईएम, सायन, नायर, नागपूरचं मेडिकल, अशी. फिजिओची कॉलेजं मात्र जिल्ह्याजिल्ह्यात निघाली आहेत, त्यामुळे तिथे पारखून घ्यावं लागतं.

ईशानची_आई

मी पेशंटच्या बाजूने लिहिते. मुलगा ऑटिस्टिक आहे. आमच्या तालुक्यात फिजिओ भरपूर, ओटी एकही नाही. दर शनिवारी एसटीने पुणं. बघणाऱ्याला वाटतं झोके घेतायत, चिमटे लावतायत, याचे काय पैसे. मलाही आधी तसंच वाटायचं. आता शर्टाचं गळ्याजवळचं बटण तो स्वतः लावतो. मी हात पुढे केला की ढकलतो. एसटी चुकली तरी चालेल पण बटण त्यानेच लावायचं.

भाचीला म्हणावं ओटी घे आणि पुणं-मुंबई सोडून कुठेतरी बस. रांग लागेल, मी पहिली.

लेस्टरची_सून

ईशानची आई 🙏 पोहायला नेता का त्याला?

ईशानची_आई

पाणी आवडतं पण डोक्यावर आलेलं नाही चालत.

कागदपत्रं

भावना बाजूला ठेवून सांगतो. प्राधान्यक्रमात खरंच जे हवं तेच वर टाका, 'हे मिळण्यासारखं आहे' म्हणून नको. आणि पहिल्या फेरीत काहीतरी मिळालं म्हणून घाईत स्टेटस रिटेन्शनचा (म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा) फॉर्म भरू नका. तो भरला की पुढच्या फेऱ्यांत नाव येत नाही. दरवर्षी कुणीतरी रडत फोन करतं. मूळ कागदपत्रांच्या झेरॉक्स ढिगाने काढून ठेवा.

वांद्रेकर

तिसरं पण आहे ना, बीएएसएलपी. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरची शाखा. मी ओटी सोडून ते घेतलं कारण त्याची अली यावर जंग संस्था घरापासून चालत जाण्यासारखी होती. लोक मोठमोठी कारणं सांगतात, माझं लोकल टाळणं हे कारण होतं आणि अजिबात पस्तावलो नाही.

सुईदोरा

वांद्रेकर 😄 भाचीने सगळं वाचलं. ओटी वर, सायन पहिलं. बाबा बोलत नाहीयेत, पण झेरॉक्स काढायला तेच गेलेत.

परळकरीण

झेरॉक्सला गेले म्हणजे झालं.

रात्रपाळी_नको

@मैदानी, आमच्या हेल्परचा घोटा मुरगळलाय शटर ओढताना. बर्फ की शेक?

मैदानी

बर्फ, कापडात गुंडाळून, थेट नको. पाय उंचावर. वजन टाकताच येत नसेल तर समोर सिव्हिल आहे ना, एक्सरे काढा.

रात्रपाळी_नको

शेक देऊन झाला.

मैदानी

मग विचारता कशाला 🤦